मुक्कामाची जोडणी

जोडणीच्या नावापुढचा ठिपका सकाळी हिरवा होता. जेवणाचा डबा धुऊन, ओले हात ओढणीला पुसत शिवकन्या खुर्चीत परत बसली तेव्हा तो पिवळा झालेला होता. मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका. पडद्यापासून हातभर मागं सरकलं तर त्याचा रंग कळतही नव्हता. तिनं चष्म्याच्या काचा पुसल्या, खिडकीचा पडदा ओढून टेबलावरचा उन्हाचा पट्टा घालवला आणि पुन्हा पाहिलं. पिवळाच. हळदीचा पिवळा नव्हे, कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यात कोपऱ्याला दिसतो तसला. ठिपक्यावर बाण नेला की एक चौकट उघडत होती. या जोडणीला ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांनी पुन्हा आपली ओळख पटवावी, तोवर पुढची कामं थांबवून ठेवली आहेत, असं चौकटीत लिहिलं होतं. त्याखाली नाव होतं, शिवकन्या हरिबा महानवर. शाळेच्या हजेरीत लिहावं तसं बापाच्या नावासकट. आणि त्याखाली एक निळं बटण. ते दाबायचं, पासवर्ड टाकायचा, की ठिपका पुन्हा हिरवा. याआधी असं दोन-तीनदा झालं होतं आणि दर वेळी तिनं चहाचा कप दुसऱ्या हातात धरून ते केलं होतं. आज तिचा हात माऊसवर नुसता पडून होता.

ऑफिस बार्शी नाक्याजवळ, खताच्या दुकानावर होतं. जिन्यातला युरियाचा उग्र वास तिच्या नाकाला कळेनासा झाला होता. नवा माणूस रुमाल तोंडाशी धरत वर आला की तेवढ्यापुरता तिलाही यायचा. तिचं काम सांगायला सोपं आणि समजावायला अवघड होतं. दोन ॲप एकमेकांना ओळखत नाहीत. मध्ये एक भाड्यानं घेतलेली सेवा असते, कुठल्या तरी लांबच्या देशातल्या संगणकांवर चालणारी. तिथं सांगून ठेवायचं, की या ॲपमध्ये अमुक झालं की त्या ॲपमध्ये तमुक कर. एकदा सांगितलं की पुन्हा माणूस लागत नाही. आपल्या माईला, कडूबाईला, तिनं हे एका दिवाळीत चुलीपुढं बसून समजावलं होतं. कडूबाईनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वस्तीवर सांगितलं, "आमची शिवकन्या बीडात वायरमन हाय." तेव्हा ती हसली होती. नंतर तिला ते फारसं चूक वाटेना. अंबाजोगाईच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती तासन् तास तारा जोडत बसायची. परिपथ पूर्ण झाला की काटा हलायचा. प्रवाहाला जा म्हणावं लागत नाही. पलीकडच्या टोकाला दिवा आहे की माणसाचं बोट आहे, हे तारेला माहीत नसतं. हे वाक्य बाईंनी शिकवताना म्हटलं होतं की तिनंच नंतर मनाशी रचलं, ते आता तिला आठवत नव्हतं.

ही जोडणी तिची पहिली. एका टोकाला 'कळप' नावाचं मेंढपाळांचं ॲप. पुढं चालणाऱ्या बोकडाच्या गळ्यात एक डबी बांधायची. ती दिवसभर जागा कळवत राहते. दुपार कलली की आज वाडा, म्हणजे मेंढरं आणि त्यांच्यासोबतचं बिऱ्हाड, कुठं बसणार ते नकाशावर बोट ठेवून नोंदवायचं, कारण मुक्कामाची नोंद नसलेल्या रात्री जनावर मेलं तर विमा मिळत नाही. दुसऱ्या टोकाला 'बांधावर', हे शेतकऱ्यांचं. सोयाबीन निघून गेलेल्या मोकळ्या रानात मेंढरं रात्रभर बसवली की रान खतावतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण वाडा कुठवर आलाय ते शेतकऱ्याला कळत नाही, आणि खत कुणाला हवंय ते मेंढक्याला कळत नाही. या दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच. चाचणीसाठी तिनं दुसरं कुणाचं नाव शोधलंच नाही. हरिबा महानवर, बापाचा वाडा, बापाच्या बोकडाची डबी. पहिला निरोप पलीकडं पोचला तेव्हा टेबलावरचा चाचणीचा फोन थरथरला होता आणि त्यावर अक्षरं उमटली होती, 'हरिबा यांचा वाडा आपल्या शिवारात येत आहे.' तिच्या अंगावर काटा आला होता, आनंदाचा. लहानपणी ती बापाच्या मागून चालायची आणि पुढच्या गावात आपल्याला कुणी ओळखत नसेल म्हणून त्याच्या घोंगडीचं टोक धरून ठेवायची. आता गाव आधीच ओळखणार होतं. त्या हंगामात वडवणीकडच्या एका शेतकऱ्यानं खरंच हरिबाला फोन करून बोलावलं, ज्वारी दिली, घरात बसवून जेवू घातलं. "पाटावर बसिवलं गं," हरिबा फोनवर सांगत होता, "आमी पायरीवर टेकलो तर हाताला धरून आत न्हेलं."

"सध्या तुझ्याच नावानं कर," धर्मराज सर म्हणाले होते. ऑफिस त्यांचं. मवाळ माणूस, रागावले तरी आधी चष्मा काढायचे, त्यामुळं समोरच्याला तयारीला वेळ मिळायचा. "कंपनीचं वेगळं खातं मागून काढू. एकदा चालू तर होऊ दे." ते मागून कधी आलंच नाही. जोडणी वाढत गेली, तालुके वाढले, नवे वाडे आले, आणि सगळं तिच्या एकटीच्या परवानगीवर उभं राहिलं. सर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "हिचं लग्न लावून द्यायची सोय न्हाई बघा आमची. ही सासरी गेली तर निम्म्या जिल्ह्यातली मेंढरं हरवतील." लोक हसायचे. तीही ओठ हलवायची. कुठल्यातरी संगणकावर आपलं नाव सतत, आपण झोपलेले असताना, केस धूत असताना, देवळाच्या रांगेत उभे असताना, 'हो, माझी परवानगी आहे' असं म्हणत असतं, ही कल्पना तिला तेव्हा गमतीची वाटायची.

मग एके सकाळी छबुबाई आली. वडवणीकडच्या डोंगरात तिचा वाडा असायचा. विम्याचं विचारायला आली होती. खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून फरशीवर बसली, म्हणून शिवकन्याही खाली बसली. छबुबाईच्या अंगाला लोकरीचा, धुराचा, दुधाचा वास होता. शिवकन्यानं होस्टेलवर असताना हा वास साबणानं घासघासून अंगावरून काढला होता, आणि आता तो नाकात गेल्याबरोबर तिचे खांदे सैल पडले. छबुबाईचा आवाज चढत नव्हता. "दोन्ही कुत्री मेली माय. मंग तोंडं बांधलेली माणसं आली. वाड्याभवतीची जाळी फाडली. मेंढरं घाटाकडं हुसकली. मालकाचा हात मोडला, तो जुळून ईना." शिवकन्या विचारत होती, किती मेली, डबी होती का, मुक्काम नोंदवला होता का. "नोंदिवला की. तूच सांगितलं व्हतं, नोंदिवल्याबिगर मिळत न्हाई." मग थोडा वेळ ती फरशीवरची एक मुंगी बोटानं दुसरीकडं वळवत राहिली. "एक इचारू? भाकर आदीच पडली व्हती. आमी त्या रानात पोचायच्या आदी. कुत्री पुढं पळाली आन् खायलाच लागली. आमी यायलाव हे त्येंला कसं कळलं?" शिवकन्या म्हणाली, बघते. छबुबाई उठताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

तिनं बघितलं, त्याच दुपारी. जोडणीला एक फाटा फुटलेला होता. मूळ वाट सरळ होती, मुक्काम नोंदला गेला की जवळच्या शेतकऱ्याला निरोप. फाटा असा होता, की मुक्काम डोंगराच्या पायथ्याच्या गायरानापासून अमक्या अंतरात असेल तर आणखी एका नंबरला निरोप. फाटा सरांनी काढला होता, पण जोडणी तिची असल्यामुळं चालत होता तो तिच्या नावावर. नंबर तिच्या फोनमध्ये साठवलेला निघाला. चहा पिताना विजयसिंहनंच एकदा त्यावरून मिस्ड कॉल दिला होता आणि म्हणाला होता, "सेव्ह करा ताई, रात्री-अपरात्री कामाला येईल." विजयसिंह म्हणजे मोहनरावांचा मुलगा. मोहनरावांचा शब्द त्या भागातल्या गावांत चालायचा. 'बांधावर' आपल्या संघटनेच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या फोनवर त्यांनीच घालून दिलं होतं. गायरानावर सोलरच्या काचा बसायच्या होत्या आणि त्यासाठी गायरान पडीक आहे, ते कुणी वापरत नाही, असं म्हणावं लागणार होतं. हे सगळे जाणून होते. ही एकएक गोष्ट तिला वेगवेगळी माहीत होती. त्या दुपारी त्या एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि काटा हलला.

तिनं सरांना विचारलं. सरांनी चष्मा काढला. "शेतकऱ्याला कळवणं हेच आपलं काम आहे ना? एक नंबर जास्त." ती म्हणाली, "सर, भाकरी आधी पडल्या होत्या." त्यांनी चष्म्याची काडी तोंडात धरली. "आपण पोस्टमन आहोत, शिवकन्या. पाकिटात काय आहे ते पोस्टमननं बघायचं नसतं." नंतर ते तिला चार दिवस जास्तच जपून वागवत राहिले, चहा आधी तिच्या टेबलावर पाठवत राहिले, आणि तो चहा पिणं तिला जड जायला लागलं. फाटा काढून टाकायचं तिनं ठरवलं. सोमवारी करू म्हणाली. सोमवारी जिल्ह्याच्या बैठकीची घाई निघाली. मग तिला वाटलं, पुरावा काय? एका बाईचं म्हणणं. भाकरी कुणी कुत्र्यांसाठी नेहमीच टाकत असेल. डुकरांसाठी विष टाकतात लोक. प्रयोगात एका निरीक्षणावरून अनुमान काढायचं नसतं, दुसरं यावं लागतं. हे मनाशी म्हटल्यावर तिला एकदम कळलं, की आपण दुसऱ्या निरीक्षणाची वाट बघतोय. म्हणजे दुसऱ्या वाड्याची. ती रस्त्यात होती, बिंदुसरेच्या पुलावर. मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा ती बाजूला झाली. पण घरी जाऊनही तिनं काही केलं नाही. तेव्हापासून रोज ती ठिपका बघत होती. हिरवा असायचा. हिरव्याचीच तिला भीती वाटायला लागली होती.

आज शनिवार. बाकीचे दोघे अर्ध्या दिवसानं गेले होते, आत सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते आणि खाली दुकानात पोती उतरवल्याचा धपधप आवाज येत होता. तिनं थांबवून ठेवलेल्या कामांची यादी उघडली. सात वाड्यांचे मुक्काम अडकून पडले होते. बटण दाबलं की सातही निरोप एकदम सुटणार होते. पहिलंच नाव हरिबा महानवर. तिनं नकाशा मोठा केला. वडवणीच्या पुढं, डोंगराच्या कुशीत, गायरानाच्या कडेला लागून. तिनं मुक्कामापासून गायरानापर्यंतचं अंतर दोनदा पाहिलं, जणू दुसऱ्यांदा पाहिलं तर वाढेल. आणि तेवढ्यात त्याचाच फोन आला. हरिबा उंचवट्यावर चढला की रेंज सापडते म्हणून फोन करायचा. त्याच्या बोलण्यामागं नेहमी वारा आणि घंटा असायच्या.

"जेवलीस का माय?"

"जेवले. तुमी कुठं हाव आबा?"

"हाव की रानात. दुसरीकडं कुठं असणार? कडू म्हणली, लेकीला फोन लाव, म्हणून लावला."

"आज मुक्काम कुठं?"

घंटा वाजत राहिल्या. कुणी तरी कोकराला हाक मारत होतं, बहुतेक कडूबाईच. "धारूरकडं सरकलाव," हरिबा म्हणाला. "तिकडंच बसूत आता."

नकाशावर धारूर दुसऱ्याच अंगाला होतं. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग फोनकडं. तिला वाईट वाटलं नाही, हसू आलं, आणि हसू अर्ध्यात अडकलं. जाळी रोवून होईपर्यंत मुक्कामाची खरी जागा तोंडानं सांगायची नाही, हा त्यांच्या घरचा जुना नेम. देवाला सुद्धा नाही. विचारलं तर उलटी दिशा सांगायची. चोर ऐकतात, लांडगा ऐकतो, रानातलं आणखी काही ऐकत असतं. हरिबा तो लेकीशीही पाळत होता. फसवण्यासाठी नव्हे, जपण्यासाठी.

"मायनं फोनवर नोंदिवलं का?"

"दाबलं की मघाशीच. तिला आता चांगलं जमतंय. चष्मा लावून दाबती."

"आबा, बटण दाबलं म्हंजी सांगितल्यासारखंच हाय."

हरिबा हसला. दात पडल्यापासून त्याचं हसू नुसत्या श्वासाचं झालं होतं. "ते विम्याचं काम हाय गं. यंतराला काय तोंड हाय? ते कुणाला सांगतंय?"

ती बोलणार होती. शब्द घशापर्यंत आले होते, तिथं नका बसू, आत्ता उठा, उजेड आहे तोवर खाली उतरा. पण वारा एकदम मोठा झाला, आवाज तुटक झाला, आणि मग फोनमध्ये ती बाई बोलायला लागली, की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती. तिनं पुन्हा लावला. माईला लावला. पुन्हा तीच बाई. सांगायला हवं होतं ते तिनं आधी का सांगितलं नाही? प्रश्न विचारत हळूहळू त्या जागेकडं का गेली? ऑफिसात असंच बोलायची सवय लागली होती, आधी विचारायचं, मग सुचवायचं, मग वाट बघायची.

ती सात-आठ वर्षांची असेल. धर्मापुरीच्या पलीकडं एका ओढ्याला मेंढरं पाण्यावर होती आणि ती एकटी काठावर चिंचोके खेळत होती. मोटारसायकलवरून एक माणूस आला. पांढरा सदरा, अंगाला अत्तराचा वास. गोड बोलला, शाळेत जातेस का विचारलं, आणि जाता जाता म्हणाला, उद्या कुठं जाणार गं तुमी? तिनं सांगितलं. नाव घेऊन, बोटानं दाखवून. तिला शाळेत उत्तर दिल्यासारखा आनंद झाला होता. संध्याकाळी तिनं ते हौसेनं हरिबाला सांगितलं. हरिबा रागावला नाही. त्यानं हातातली काठी खाली ठेवली, पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवशी ते ठरलेल्या बाजूला गेलेच नाहीत. भर उन्हात डोंगर चढून दुसऱ्या अंगाला उतरले. वाटेत एक व्यालेली मेंढी मागं राहिली. त्या ठरलेल्या रानात कुणी आलं होतं का, हे त्यांना कधीच कळलं नाही. तिनं मोठी झाल्यावर विचारलं होतं, "आबा, तो माणूस नुसताच बोलत आसल की." हरिबा म्हणाला होता, "आसल." आयुष्यभर तो त्या 'आसल'वर चालत आलेला माणूस होता. तिला मात्र कॉलेजात शिकवलं होतं, की खात्री होईपर्यंत विधान करायचं नाही.

सरांच्या खोलीचं दार उघडलं. "शिवकन्या, 'बांधावर'वाल्यांचे निरोप बंद पडलेत म्हणे. काय झालं गं?"

"परवानगी संपलीय सर."

"मग दे की. दोन मिनिटांचं काम." ते तिच्या तोंडाकडं बघत नव्हते. "विजयसिंह बीडातच आहेत. येतायत वर."

तिला युरियाचा वास आला. म्हणजे जिन्यात कुणी तरी होतं. विजयसिंह रुमालानं नाक झाकत आत आला आणि आल्या आल्या रुमाल काढून हसला. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. "आरोहीचा वाढदिवस झाला काल. धाकटी आमची. घ्या ताई. सर, तुमी साखर वर्ज्य म्हणू नका, पोरीच्या नावाचं हाय." तिनं पेढा घेतला आणि तो हातातच राहिला, तळव्याच्या उबेनं मऊ होत गेला. विजयसिंहनं खुर्ची ओढून तिच्या टेबलाजवळ घेतली. दाढी नीट कोरलेली, बोलणं हळू. त्याचा राग येणं अवघड होतं. तो माणूस आजारी पडलेल्या वैऱ्यालाही गाडी पाठवेल असं लोक सांगायचे, आणि ते खरंही होतं.

"आज एक बी वाडा दिसंना आमाला," तो म्हणाला. "सगळी मेंढरं पंढरीला गेली का काय?"

सर मोठ्यानं हसले. "मशीन अडलंय. हिचीच सही लागते त्याला, दुसऱ्या कुणाची चालत नाही."

"आमच्या वडलांच्या सहीला एवढा भाव न्हाई ताई. कलेक्टर बी एक डाव फाईल पुढं ढकलतो." त्यानं वाकून पडद्याकडं पाहिलं. यादी तिनं आधीच झाकली होती. दिसत होता तो नुसता पिवळा ठिपका. "हे व्हय? एवढंसं?"

"एवढंसंच," ती म्हणाली.

"मंग टाका की पासवर्ड. आमी तिकडं बघतो." तो उठून खिडकीशी गेला, पाठ करून उभा राहिला. सभ्य माणसं अशीच पाठ करतात. तिनं यादी पुन्हा उघडली. बापाच्या नावासमोर तीन टिंबं होती. त्यांवर टिचकी मारली की 'हे काम रद्द करा' असा पर्याय येत होता. एवढं एक रद्द करायचं, बाकीचं सोडून द्यायचं, ठिपका हिरवा, पेढा तोंडात, आणि हरिबा आज शांत झोपेल. कुणाला कळणारही नाही. एका क्षणी तिच्या बोटानं ती टिंबं उघडलीही. मग तिची नजर खालच्या नावावर गेली. तानाजी गडदे. त्याचं घोडं पांढरं होतं आणि तिच्या लहानपणी तिला त्यावर बसवून त्यानं ओढा ओलांडून दिला होता. त्याखालचं नाव तिच्या माहितीतलं नव्हतं. त्याखालचंही नव्हतं. ती अनोळखी नावं ती एकेक वाचत गेली, आणि प्रत्येक नावापाशी कुत्री पुढं पळताना दिसत राहिली.

"विजयसिंह," तिनं विचारलं, "छबुबाईच्या मुक्कामाच्या रानात भाकरी कुणी टाकल्या होत्या?"

सरांनी चष्मा काढला. विजयसिंह लगेच वळला नाही. खाली पोतं पडल्याचा आवाज झाला.

"कोण छबुबाई?" तो म्हणाला. मग वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललेलं नव्हतं. फक्त तो तिच्याकडं आता नीट बघत होता, पहिल्यांदाच. "रानातल्या कुत्र्याच्या पोटात काय जातंय ते कोण बघत बसतंय ताई? तुमी शिकलेल्या. ह्या गोष्टी डोक्यात कावून घेता?" तो पुन्हा खुर्चीत बसला, आवाज आणखी मऊ झाला. "तुमचे वडील बी वाडा घेऊन फिरतेत न्हाई का? हरिबा ना? लई साधा माणूस म्हणतेत. वय झालं आसल आता. त्यांना म्हणावं, यंदा डोंगराकडं येऊ नका. थंडी लई हाय तिकडं." आणि पेढ्यांचा पुडा त्यानं एका बोटानं तिच्याकडं सरकवला. "यंदा कुठल्या वाटेनं हायेत ते?"

खोलीतलं सगळं फार स्पष्ट दिसत होतं. सरांच्या चष्म्यावर पडलेला बोटाचा ठसा, पुड्याच्या दोऱ्याची गाठ, विजयसिंहच्या मनगटावरचा नवा लाल गंडा. त्याला माहीत नाही. आत्ता या क्षणी त्याला माहीत नाही, आणि त्याच्या आणि त्या जागेच्या मध्ये दुसरं काही नाही, ती आहे. उद्या सर नवं खातं काढतील. आठवड्यात नवी जोडणी होईल, कुणाच्या तरी नावानं. तिला इथं काम राहणार नाही, आणि हा माणूस तिचं नाव आता विसरणार नाही, बापाचं तर नाहीच. उपयोग किती दिवसांचा? हा हिशेब तिनं कित्येक दिवस मांडून ठेवला होता आणि दर वेळी तो इथंच अडायचा. आजही अडला. दिवस कलत होता. डोंगराच्या कुशीत हरिबा जाळीचा पहिला खुंट ठोकायला वाकला असेल.

"ताई?" विजयसिंह म्हणाला.

"शिवकन्या," सर हळूच म्हणाले, "अगं, दे ना."

तिनं हातातला पेढा टेबलावर ठेवला. मग दोघांकडं बघून ती बोलली.

"मी परवानगी देणार नाही. आज नाही आणि यापुढंही नाही. अडकलेले सातही निरोप मी पुसून टाकतेय, जोडणीही काढतेय. आणि आता एकेका वाड्याला फोन लावून मी स्वतः सांगणार आहे, की त्यांची जागा इतके दिवस माझ्या नावानं कुणाकुणाला कळत होती."